खैबरखिंड वेल्समध्ये, क्लिओपात्रा उसन्या कपड्यांत: 'कॅरी ऑन'च्या पडद्यामागच्या गमती

रीळवाला (धागाकर्ता)

गेले तीन रविवार घरी 'कॅरी ऑन' चित्रपटांचा रतीब लावलाय. बायको पहिल्या वीस मिनिटांत "शी, काय हे" म्हणून उठून जाते आणि मग स्वयंपाकघरातून तिचं खिदळणं ऐकू येतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत इंग्लंडात या नावाखाली तीस चित्रपट निघाले. १९९२ मध्ये कोलंबसावर एकतिसावा काढला, तो नाही पाहिलात तरी काही बिघडत नाही. निर्माता पीटर रॉजर्स आणि दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, एकूण एक चित्रपट याच जोडीचे. चावट, द्व्यर्थी, आचरट. मला त्यातले ऐतिहासिक जास्त आवडतात: रोमवरचा 'क्लिओ', फ्रेंच राज्यक्रांतीवरचा 'डोन्ट लूज युअर हेड', हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबावरचा 'अप द खैबर', आठव्या हेन्रीवरचा 'हेन्री'.

लागोपाठ बघताना एक जाणवलं. ही मंडळी शक्यतो काही नवं विकत घेतच नाहीत. दुसऱ्याच्या लग्नाचा मांडव निघायच्या आत त्यात आपली मुंज उरकून घ्यायची, हा खाक्या.

'क्लिओ'चंच घ्या. १९६० मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने एलिझाबेथ टेलरला घेऊन 'क्लिओपात्रा' सुरू केला तो लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत. अलेक्झांड्रिया उभी केली इंग्लंडच्या पावसात! बाई आजारी पडल्या, दिग्दर्शक बदलला, सीझर आणि अँटनी दोघेही बदलले आणि अख्खं बिऱ्हाड रोमला हललं. पाइनवूडला उरलेलं सामान, कपडेपट आणि हत्यारं-चिलखतं रॉजर्ससाहेबांनी हेरून ठेवली. १९६४ च्या जुलैच्या मध्यावर चित्रीकरण सुरू, ऑगस्टअखेर पॅकअप. खर्च दोन लाख पौंडांच्या आत. तिकडे मूळ 'क्लिओपात्रा' चार कोटी डॉलरच्या पुढे गेला होता आणि फॉक्सचं दिवाळं वाजायची वेळ आली होती. यांचा चित्रपट सुरू होताना पाटी येते ती अशी, की मूळ कल्पना विल्यम शेक्सपिअर यांची. निवेदनाला घेतला ई. व्ही. एच. एमेट. हा जुन्या बातमीपटांचा आवाज, आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनचा असायचा तसा. त्या गंभीर आवाजात रोमन साम्राज्याचा सगळा आचरटपणा सांगायचा.

पोस्टरसुद्धा ढापलं. मूळ पोस्टरवर टेलरबाई आडव्या पहुडलेल्या, शेजारी दोन वीर. यांनी हुबेहूब तसंच काढून तिथे अमांडा बॅरीला झोपवली. फॉक्स थेट कोर्टात. पोस्टर मागे घ्यावं लागलं, पण तोवर सगळ्या वर्तमानपत्रांत फुकट जाहिरात होऊन गेली होती. शिवाय गुलामांच्या बाजारातल्या दुकानावर 'मार्कस आणि स्पेन्सियस' अशी पाटी, तीही खऱ्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या हिरव्या-सोनेरी रंगांत. त्यांनीही तक्रार केली, हे माफी मागून मोकळे.

'खैबर'बद्दल पुढच्या प्रतिसादात टंकतो. आधी जेवतो.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लवकर जेवा.

नऊवारी

मस्त धागा. 'क्लिओ'मधला सीझरचा तो प्रसिद्ध संवाद राहिला की हो! "इन्फमी! इन्फमी! दे हॅव ऑल गॉट इट इन फॉर मी!" मारेकरी मागे लागलेत आणि केनेथ विल्यम्स नाक फेंदारून हे ओरडतो. 'इन्फमी' म्हणजे बदनामी, नीचपणा; आणि तेच तोडून म्हटलं की 'इन फॉर मी', सगळे माझ्यावर टपलेत. मराठीत करून बघितलं दोन-तीनदा, जमत नाही. "घात! घात!" घेतलं तर घातवार आणि घातलेलं यांच्यापलीकडे गाडी जात नाही.

रीळवाला

@नऊवारी, तो संवादसुद्धा उसना आहे! फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या जोडीने रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहिलेला. 'क्लिओ'चा लेखक टॅलबट रॉथवेल, त्याने त्यांना विचारून घेतला. कपडे उसने, पोस्टर उसनं, सगळ्यात गाजलेलं वाक्यही उसनं.

आता 'अप द खैबर'. १९६८ सालचा, मालिकेतला सोळावा. काळ १८९५, वायव्य सरहद्द. कलाबार नावाचं काल्पनिक संस्थान. तिथे स्कॉटिश पलटण, 'डेव्हिल्स इन स्कर्ट्स' म्हणून पठाण त्यांना टरकून असतात, कारण झग्याच्या आत हे गडी काहीच घालत नाहीत अशी ख्याती. एक दिवस शिपाई विडल (चार्ल्स हॉट्री, काडी पैलवान) शत्रूच्या तावडीत सापडतो आणि त्याने आत लोकरी चड्डी घातल्याचं उघड होतं. बिचाऱ्याला खालून वारा लागतो म्हणून. बस्स, साम्राज्याची अब्रू गेली आणि उठाव झाला. एका चड्डीवर दीड तासाचा चित्रपट.

नावाचीच गंमत घ्या. लंडनच्या बोलीत यमकाची चोरभाषा असते. 'खैबर पास'मधला 'पास' तिकडे 'पाऽस' असा उच्चारतात, त्याला यमक कशाचं जुळतं ते तुम्हीच जुळवा. बसायच्या अवयवाचं आहे. म्हणजे 'अप द खैबर'चा अर्थ काय झाला, ते मी सांगत नाही. संस्थळाचं धोरण आहे.

खिडकीतली_मांजर

आणि विल्यम्स त्यात कलाबारचा 'खासी' झालाय ना? 'काझी'चा अपभ्रंश असावा.

रीळवाला

तसं वाटतं खरं, पण इंग्रजी बोलीत 'खाझी' म्हणजे संडास. इटालियन 'कासा' म्हणजे घर, तिथून फिरत फिरत लंडनच्या गल्लीबोळांत आणि पोलारीत आलेला शब्द. पोलारी म्हणजे नाटकवाले, जत्रेवाले, खलाशी आणि समलिंगी पुरुष यांची गुप्त बोली. विल्यम्स त्याच वर्षांत बीबीसी रेडिओवर 'राउंड द हॉर्न'मध्ये दर रविवारी दुपारी हीच पोलारी झाडत होता आणि मटणाच्या जेवणावर बसलेली घरंदाज कुटुंबं काही न कळून हसत होती. तर हा आहे संडासचा संस्थानिक. त्याचं पाळण्यातलं नाव रँडी लाल. इंग्रजीत 'रँडी' म्हणजे चळलेला. मराठी कानाला त्याहून भलतंच ऐकू येतं, आणि ते लेखकाला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. म्हणजे आपल्याला एक विनोद वर फुकट.

बाकी नावंही अशीच. विडल म्हणजे शू, ब्रदर बेल्चर म्हणजे ढेकरबुवा, पठाणांची टोळी बर्पा म्हणजे पुन्हा ढेकरच. टोळीचा म्होरक्या बंगडिट दिन, ही किपलिंगच्या 'गंगा दीन'ची टवाळी.

आजोबा_४७

किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. वडील तिथे शिकवत. उगीच माहितीसाठी.

चहाटळ

ते 'टिफिन' प्रकरण कुणी सांगणार आहे का नाही?

नऊवारी

मी सांगते. चित्रपटात 'टिफिन' हा शब्द सारखा येतो आणि प्रत्येक वेळी भलत्याच अर्थाने. गव्हर्नर सर सिडनी रफ-डायमंड (सिड जेम्स) भुवई उडवून 'टिफिन' म्हणतो तेव्हा भूक पोटाची नसते. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहिला अर्धा तास खरंच समजत होते की यांना इतकी भूक कशी लागते. आमच्याकडे टिफिन म्हणजे दोन पोळ्या आणि कोरडी भेंडी.

वेल्सचा_पाऊस

आता माझी पाळी. मी मँचेस्टरला असतो आणि तुमची खैबरखिंड मी चालून आलोय. :)

ती आहे उत्तर वेल्समध्ये, स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी. आता अधिकृतपणे वेल्श नावच वापरतात, अर् विथ्वा. दक्षिणेकडून वर जायला वॉटकिन पाथ आहे, नांतग्विनंत खोऱ्यातून सुरू होतो. सुरुवातीला ओकचं रान, शेवाळलेले दगड, मग उजेड येतो आणि ओढ्याचे धबधबे दिसायला लागतात. पाणी इतकं स्वच्छ की खालचे पाटीचे निळसर दगड मोजावेत. त्या चढावर खैबरखिंड चित्रित केली, १९६८ च्या वसंतात. वाटेत एका खडकावर त्याची स्मृतिफलक-पाटी आहे, २००५ साली लावलेली. मी गेलो तेव्हा पाटीवर एक मेंढी अंग घासत होती, ती हलेपर्यंत वाचता आली नाही.

तीच वाट थोडी वर चढलात की एक प्रचंड शिळा लागते. १८९२ मध्ये ब्याऐंशी वर्षांचे पंतप्रधान ग्लॅडस्टन तिच्यावर उभे राहून भाषण करून गेले आणि ही वाट खुली झाली. म्हणजे खऱ्या साम्राज्याचा खरा पंतप्रधान वर, आणि नकली साम्राज्याची बिनचड्डीची पलटण खाली, मधे चालायला अर्धाएक तास. जवळच एका घराचे पडके अवशेष आहेत. दुसऱ्या महायुद्धात कमांडोंनी तिथे नेमबाजीचा सराव केला, भिंतीत गोळ्यांची भोकं अजून आहेत. पहिल्यांदा मला वाटलं हा चित्रपटाचाच सेट.

अजून एक. हेच खोरं त्याआधी दहा वर्षं चीन होतं! इन्ग्रिड बर्गमनच्या 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस'साठी १९५८ मध्ये इथे चिनी गाव उभारलं होतं. त्यातला सोनेरी बुद्ध आजही किनाऱ्याकडच्या पोर्टमेरियन गावात ठेवलाय. वेल्सच्या नशिबी स्वतः वेल्स म्हणून पडद्यावर यायचा योगच नाही.

खऱ्या खैबरशी साम्य म्हणाल तर शून्य. खैबर रखरखीत, हे हिरवंगार आणि कायम ओलं. पडद्यावर नीट बघा, डोंगरांवर ढग बसलेले दिसतात.

रीळवाला

दंडवत घ्या, @वेल्सचा_पाऊस! मी फक्त वाचलं होतं.

साहेबाचा बंगलाही खोटा बरं का, म्हणजे खरा, पण पाइनवूडचा. स्टुडिओच्या आवारात हेदरडन हॉल नावाची जुनी हवेली आहे, तिलाच राजनिवास केलं. हिंदुस्थान दाखवायला यांनी गाडीभाडं भरलं ते वेल्सपुरतं. आणि कंपनीच्या हिशेबात हा मोठाच दौरा होता! आधीच्या वर्षी सहारा वाळवंट दाखवलं ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॅम्बर सँड्सच्या पुळणीवर.

सेटिंगदादा

बारा वर्षं मालिकांच्या कला विभागात काढली, त्यामुळे बोलतो. उसनवारीत काही विशेष नाही. आमच्याकडे एक सिंहासन होतं, त्यावर एका वर्षात एक पेशवा, एक पौराणिक राजा आणि एका दिवाळी जाहिरातीतले सासरेबुवा बसले. प्रत्येक वेळी नुसती गादी बदलायची आणि हाताच्या सिंहांना परत सोनेरी मारायचं. तिसऱ्या मारानंतर सिंहाला मिशाच उरल्या नव्हत्या. कारखान्यातून एकजण म्हणाला, मांजर म्हणून खपवा.

पण 'खैबर'मधला तो शेवटचा जेवणाचा प्रसंग मी धंद्याच्या नजरेने चार वेळा पाहिला. बाहेरून तोफा चालू, आणि आत साहेब लोक पूर्ण पोशाखात काटे-चमचे घेऊन जेवतायत. छताचा गिलावा खाली येतोय, वाद्यवृंद वाजवतोय, भिंती ढासळतायत आणि गप्पा हवापाण्याच्या. एकटा ढेकरबुवा टेबलाखाली जायच्या बेतात. गव्हर्नरची बायको झालेल्या जोन सिम्सच्या डोक्यावर भुगा पडतो आणि ती म्हणते, अगंबाई, मी जरा 'प्लास्टर्ड' झाले. इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ झिंगलेली.

बघायला सोपं वाटतं. करून बघा. पहिला गोळा पडला की टेबल, ताटं, विग, सूप, सगळं पांढरं. परत टेक घ्यायचा तर सगळ्यांचे केस झाडा, कपडे बदला, ताटं धुवा, मेजवानी परत मांडा. कंटिन्युइटीवाल्या पोरीला फेस येतो. आणि भुगा किती पडायचा याला माप लागतं: थोडा पडला तर विनोद नाही, फार पडला तर नटाचा डोळा जातो. तिथे नटांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. थॉमस मुळातला संकलक, त्यामुळे कुठे कापायचं ते ठरवूनच उभा असणार. बाकी कामात एक-दोन टेकच्या वर जात नसे म्हणतात. सहा-सात आठवड्यांत चित्रपट हातावेगळा करायचा तर ते आलंच.

चहाटळ

आता त्या वायूचा किस्सा येऊ द्या. सगळे भिडस्तपणा करतायत.

रीळवाला

बरं बाबा. 'खैबर'च्याच सेटवरचा म्हणून सांगितला जातो. केनेथ विल्यम्सला सेटवर भर दृश्यात मोठ्याने सोडायची खोड होती. जोन सिम्सबरोबर नाजूक प्रसंग चालू, आणि हा धडाम. टेक गेला. बाई भडकल्या. तर हा म्हणतो, रुडॉल्फ व्हॅलेंटिनोसुद्धा सोडायचा. त्यावर त्याला उत्तर मिळालं: हो, पण त्याचे मूकपट होते.

खिडकीतली_मांजर

ऑफिसात वाचतेय. शेजारच्याला खोकल्याचं नाटक करून दाखवलं.

आजोबा_४७

हे सगळं ठीक. माझा एक सवाल आहे. गोऱ्यांनी तोंडाला तपकिरी रंग फासायचा, डोक्याला मुंडासं गुंडाळायचं आणि हिंदुस्थानी म्हणून उभं राहायचं, याला आपण का हसायचं? विल्यम्स, बर्नार्ड ब्रेसलॉ, अँजेला डग्लस, कार्ड्यू रॉबिन्सनचा तो फकीर, सगळे रंगवलेले. मी १९७० च्या दशकात नोकरीनिमित्त लंडनला दोन वर्षं होतो. टीव्हीवर हे लागलं की दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकजण मला बघून हात जोडून मान हलवायचा. माणूस वाईट नव्हता. पण जेवण गोड लागायचं नाही.

रीळवाला

@आजोबा_४७, हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही, बरोबर आहे. मी त्यात एकच तारीख घालतो. 'खैबर'चं चित्रीकरण ८ एप्रिल ते ३१ मे १९६८. मधे, २० एप्रिलला, इनॉक पॉवेलने बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध 'रक्ताच्या नद्या'वालं भाषण ठोकलं, वसाहतींतून येणाऱ्या लोकांविरुद्ध. म्हणजे बाहेर खऱ्या काळ्या-सावळ्या माणसांविरुद्ध मोर्चे निघतायत आणि आत पाइनवूडमध्ये गोरे लोक मेकअपच्या खुर्चीत बसून सावळे होतायत. बघताना हे डोक्यात आलं की हसू अडतं, माझंही अडतं.

पण चित्रपटात चेष्टा कुणाची जास्त आहे, असं मोजायला गेलं तर मला साहेबाचंच पारडं जड वाटतं. खासी सगळ्यांत हुशार पात्र आहे. नाक वर करून गोऱ्यांना तुच्छ लेखतो, आणि ते आहेतच त्या लायकीचे. साम्राज्य कशावर उभंय, तर आत काही नाही या अफवेवर. जानेवारी १९६८ मध्ये विल्सन सरकारने सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य काढून घेण्याचं जाहीर केलं होतं, त्याआधी नोव्हेंबरात पौंडाची किंमत उतरवली होती. घर पडत असताना सूप पीत बसणाऱ्यांचा तो प्रसंग लंडनच्या प्रेक्षकाला तेव्हा कसा दिसला असेल!

नऊवारी

अर्धी सहमत. खासी हुशार आहे हे मान्य, पण तो हुशार दिसतो कारण तो विल्यम्स आहे. चित्रपटातल्या खऱ्या सावळ्या माणसांना वाक्यं किती आहेत ते मोजा. आणि बायका? खासीच्या जनानखान्यातल्या बायकांना बसायला उशा आहेत, बोलायला काही नाही. 'टिफिन'ला मी हसले, खोटं कशाला बोलू. पण आजोबांच्या कँटीनवाल्याला हे हत्यार या चित्रपटानेच पुरवलं.

आजोबा_४७

धन्यवाद, नऊवारीताई. रीळवाले, तुमची तारखेची गोष्ट लक्षात राहील. चालू द्या, मी रुसलो नाहीये.

वेल्सचा_पाऊस

शेवटच्या झेंड्याचं कुणी बोललं नाही. मेजवानी संपते, युनियन जॅक फडकतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'आय ॲम बॅकिंग ब्रिटन'. इथल्या तरुण सहकाऱ्यांना विचारलं तर कुणालाच माहीत नाही. तर १९६८ च्या सुरुवातीला लंडनजवळच्या सर्बिटनमधल्या पाच सेक्रेटरी मुलींनी देशासाठी रोज अर्धा तास फुकट जास्त काम करायचं ठरवलं. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, बिल्ले निघाले, पंतप्रधानांनी पाठ थोपटली. मग कळलं की मोहिमेचे टीशर्ट पोर्तुगालात शिवलेत. काही महिन्यांत सगळं थंड. चित्रपट नोव्हेंबरात लागेपर्यंत ती घोषणा शिळी झालेली, आणि शिळी झाल्यामुळेच जास्त हशा.

रीळवाला

अगदी. आणि त्या झेंड्यानंतर ढेकरबुवा कॅमेऱ्याकडे वळून सांगतो, हे सगळे ठार वेडे आहेत.

तो ढेकरबुवा म्हणजे पीटर बटरवर्थ. या माणसाची गोष्ट चित्रपटापेक्षा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या हवाई दलात होता, विमान पाडलं गेलं आणि जर्मनांच्या कैदेत पडला. श्टालाग लुफ्ट तीन या छावणीत त्याची गाठ पडली टॅलबट रॉथवेलशी, तोही हवाई दलातला, तोही कैदी. रॉथवेलने छावणीतल्या करमणुकीसाठी लिहायचं आणि बटरवर्थने सादर करायचं. हसण्या-गाण्याचा आवाज जितका मोठा तितका खाली भुयार खणणाऱ्यांचा आवाज झाकला जाई. पुढे हाच रॉथवेल 'कॅरी ऑन'चे वीस चित्रपट लिहितो, आणि हाच बटरवर्थ त्यात येतो.

याच छावणीतून १९४३ मध्ये लाकडी घोड्याची ती प्रसिद्ध सुटका झाली. कसरतीचा पोकळ घोडा कुंपणाजवळ मांडायचा, वरून पोरं उड्या मारतायत आणि आत बसलेला माणूस भुयार खणतोय. तिघे निसटले. उड्या मारणाऱ्यांत बटरवर्थ होता. १९५० मध्ये 'द वुडन हॉर्स' चित्रपट निघाला, हा गडी भूमिका मागायला गेला. नाकारला! उड्या मारणारा वीर म्हणून शोभत नाही म्हणे.

सेटिंगदादा

हे वाचून हात थांबला. खरोखर केलेल्या माणसाला म्हणायचं तू तसा दिसत नाहीस. कास्टिंगवाले सगळीकडे सारखेच.

चहाटळ

म्हणजे द्व्यर्थी विनोदाचं मूळ नाझी छावणीत? कैद्यांनी काहीतरी बोलायचं आणि पहारेकऱ्याला वेगळंच ऐकू यायचं. रॉथवेलचं सगळं शिक्षण तिथेच झालं म्हणायचं.

खिडकीतली_मांजर

कुणीतरी दादा कोंडके म्हणणार हे मला पहिल्या प्रतिसादापासून माहीत होतं. कुणीच म्हणेना, म्हणून मीच म्हणते. 'सोंगाड्या' १९७१ चा, आणि यांचा 'हेन्री'ही १९७१ चाच. तिकडे कुऱ्हाड, इकडे नाडी. दोन्हीकडे सेन्सॉरवाल्याला म्हणायची सोय, की साहेब, घाण अर्थ तुमच्या डोक्यात आला, आम्ही तर साधं बोललो.

रीळवाला

@मांजर, दादांवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण 'हेन्री' आणलात ते बरं केलंत. सिड जेम्स आठवा हेन्री. त्याच्या अंगावरचा तो भरजरी झगा बघून वाटतं की अखेर रॉजर्सने खिसा सैल केला. छे! तो रिचर्ड बर्टनचा. दोन वर्षं आधी 'ॲन ऑफ द थाउजंड डेज'मध्ये बर्टन हेन्री झाला होता, त्याच्या मापाचा शिवलेला. बर्टन रोमला जाऊन अँटनी झाला तर याने लंडनला अँटनी केला, बर्टन हेन्री झाला तर याने त्याचाच झगा घालून हेन्री केला. सिड जेम्स मूळचा दक्षिण आफ्रिकेतला ज्यू. इंग्लंडचा राजा म्हणून मात्र असा शोभलाय की शाळेच्या पुस्तकातला हेन्री आता मला खोटा वाटतो.

सुरुवातीलाच पाटी: हा चित्रपट विल्यम कॉब्लर यांच्या नुकत्याच सापडलेल्या हस्तलिखितावर आधारित. 'कॉब्लर्स' म्हणजे बोलीत निव्वळ थापा, आणि त्याच्याही मुळाशी पुन्हा अवयवच. म्हणजे अस्वीकरणसुद्धा चावट. आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांआधी दीड मिनिट अस्वीकरण वाचावं लागतं, त्यात कुणी अशी गंमत करून दाखवावी. करणार नाहीत.

नऊवारी

पैशांचं काय? एवढे चालले तर नट श्रीमंत झाले असतील.

रीळवाला

तिथेच मेख आहे. सिड जेम्स किंवा विल्यम्ससारख्या पहिल्या फळीच्या पुरुषांना एका चित्रपटाचे पाच हजार पौंड. जोन सिम्ससारख्या बायकांना अडीच हजार. बिनतक्रार अर्धे. आणि टीव्हीवर हजारदा लागले तरी एक पैसा वर नाही, करारच तसे. विल्यम्स तर रोजनिशीत या चित्रपटांना शिव्या घालायचा, आणि पुढच्या वर्षी परत कामावर हजर. त्याच्या रोजनिश्या नंतर छापल्या गेल्यात, विनोदी नटाचं इतकं कडू लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही. रॉजर्सची काटकसर झग्यात आणि डोंगरात गोड वाटते, बायकांच्या पाकिटात नाही.

सेटिंगदादा

+१. कोरी गादी मिळायची सिंहासनाला, माणसाला नाही. माझे एका निर्मात्याकडे तीन महिन्यांचे अजून अडकलेत. नाव घेत नाही.

आजोबा_४७

राजघराण्याला हे चालायचं का?

रीळवाला

'खैबर'च्या वेळी राजकन्या मार्गारेट पाइनवूडला सेट बघायला आली होती. नेमका त्या दिवशी सिड जेम्स राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहितोय, मायना 'डिअर विकी'. राजकन्येला ते रुचलं नाही. खापरपणजीच्या आईला 'विकी' म्हणणं जरा लागलंच असणार. दृश्य मात्र चित्रपटात राहिलं. आणि १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शतकातले शंभर उत्तम ब्रिटिश चित्रपट निवडले, त्यात 'खैबर' नव्याण्णवावा. यादीत शिरला, तोही मागच्या दाराने. नाव सार्थ केलं.

चहाटळ

हा हा, नव्याण्णवावा! पण रीळवाले, राजकन्येच्या खापरपणजीची आई कशी, व्हिक्टोरिया तर पंचम जॉर्जची आजी ना?

रीळवाला

बरोबर, चूक माझी, घाईत टंकलं. पंचम जॉर्ज मार्गारेटचा आजोबा, व्हिक्टोरिया त्याची आजी. म्हणजे खापरपणजीच, 'च्या आई' जास्तीचं पडलं. 'कॅरी ऑन'च्या धाग्यावर वंशावळ तपासली जाईल असं वाटलं नव्हतं.

खिडकीतली_मांजर

@वेल्सचा_पाऊस, आम्ही मे महिन्यात बहिणीकडे लीड्सला येतोय. त्या पाटीपर्यंत जायला फार चढ आहे का? सोबत आई आहे, गुडघे बेताचे.

वेल्सचा_पाऊस

शिखर अवघड आहे, त्या वाटेचा शेवटचा टप्पा सुटलेल्या दगडांचा, तिकडे आईंना नेऊ नका. पण धबधब्यांपर्यंत बरी वाट आहे, हळूहळू जमेल. पाँट बेथानियाच्या पुलाशी गाडीतळ आहे, सकाळी लवकर गाठा, नाहीतर जागा मिळत नाही. रेनकोट मे महिन्यातही लागतो. आणि चड्डी लोकरी घाला, शिपाई विडलचं खरं होतं, तिथे वारा खालून येतो.